दृष्टांत, दाखला आणि साक्ष : बजाजनगरच्या उपदेशातील गोष्ट

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आढावा घेताना अभ्यासकाच्या नजरेत ठरावीक शिखरे भरतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मधील ‘ख्रिस्तपुराण’, बाबा पदमनजींचे १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता, १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. या शिखरांच्या मध्ये पसरलेल्या सखल प्रदेशात दर रविवारी उच्चारले जाणारे आणि उच्चारताच विरून जाणारे एक गद्य आहे. ते उपदेशाचे गद्य. त्याची टिपणे पाळकाच्या शास्त्राच्या पानांत दुमडून राहतात, बदली झाली की त्याच्याबरोबर जातात, आणि वाङ्मयेतिहासात त्यांना ओळ मिळत नाही. परंतु मंडळीतल्या कोणालाही गेल्या महिन्यातील उपदेश विचारला तर शास्त्रवचनाचा अध्याय बहुधा आठवत नाही. त्यात सांगितलेली दोन मिनिटांची गोष्ट मात्र आठवते. वक्ता जिला सोय म्हणून वापरतो तीच श्रोता घरी घेऊन जातो. या विसंगतीकडे वाङ्मयीन प्रश्न म्हणून पाहिले गेले नाही, हे थोडे नवलाचेच.

या छोट्या गोष्टीला मराठीत कोणते नाव द्यावे, येथूनच विचाराला आरंभ करावा लागतो. मराठी ख्रिस्ती वापरात ‘दृष्टांत’ आणि ‘दाखला’ हे दोन्ही शब्द रुळलेले आहेत. पेरणाऱ्याचा दृष्टांत म्हणतात, तसेच उधळ्या पुत्राचा दाखलाही म्हणतात. वरवर समानार्थी वाटणाऱ्या या शब्दांचा कुळाचार मात्र निराळा आहे. ‘दृष्टांत’ हा शास्त्रातला शब्द. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांपैकी तो एक. ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखी असते ती दृष्टांत, अशा आशयाची त्याची व्याख्या तेथे आहे. ही अट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सांगणारा ज्ञानी असेल, ऐकणारा अडाणी असेल. पण दृष्टांताच्या जागी दोघे एका पातळीवर आले पाहिजेत. विस्तवाजवळ धूर असतो हे स्वयंपाकघरातल्या बाईला पंडिताइतकेच ठाऊक असते, म्हणून स्वयंपाकघर हा दृष्टांत होऊ शकतो.

‘दाखला’ हा कचेरीतला शब्द. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला. तो दाखवला की वाद मिटतो, खिडकीपलीकडचा कारकून पुढचा कागद हाती घेतो. मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांना या शब्दाचा चटका वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने ही सवलत हिंदू धर्मीयांपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा तीत समावेश झाला. ख्रिस्ती झालेले त्याच मूळ जातींतील लोक बाहेरच राहिले. रविवारी ज्यांना दाखल्यामागून दाखले ऐकवले जातात, त्यांतील कित्येकांचा सोमवार दुसऱ्याच दाखल्यापाशी अडलेला असतो. शब्दाचा हा योगायोग वक्त्याच्या ध्यानात आलेला क्वचितच दिसतो.

हा भेद कोरड्या कोशकाराचा नव्हे. गोष्ट सांगणारा ती दृष्टांत म्हणून सांगतो आहे की दाखला म्हणून, यावर उपदेशाची जात ठरते. वारकरी कीर्तनकाराला ही शिस्त परंपरेने मिळाली आहे. तो चरणाच्या पुष्ट्यर्थ संतवचन देतो त्याला ‘प्रमाण’ म्हणतात. त्यानंतर व्यवहारातली गोष्ट सांगतो तो ‘दृष्टांत’. प्रमाणाने सिद्ध करायचे, दृष्टांताने उजेड पाडायचा. ख्रिस्ती उपदेशात प्रमाणाची जागा शास्त्रवचनाची आहे हे सर्वांना मान्य असते. प्रत्यक्षात मात्र घाईच्या वेळी गोष्टच प्रमाणाच्या पाटावर बसते. अमुक गावी अमुक माणसाने प्रार्थना केली आणि तो बरा झाला; म्हणून प्रार्थना केली की माणूस बरा होतो. येथे उजेड पडण्याऐवजी शिक्का पडतो. ज्याच्या घरी प्रार्थना होऊनही माणूस गेला, त्याने बाकावर बसून काय करावे, याचे उत्तर त्या गोष्टीत नसते.

ज्या भूमीवर हा विचार करायचा, ती या कामी निष्णात आहे. पैठण, नेवासे आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) ही तीन गावे जोडली तर मराठी दृष्टांताचा एक नकाशाच तयार होतो. चक्रधरांचे वास्तव्य पैठणला झाले. त्यांच्या वचनांवर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात केसोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ रचला. नेवाशाला १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली, जिच्यात एका उपमेचा श्वास संपण्याआधी दुसरी उभी राहते. आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन आकाराला आले. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातले ठळक नाव, पुढे टिळकांनी त्याला आपल्या प्रतिभेचे बळ दिले. औरंगाबादेच्या बाजूला चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने काम करणारे रतनजी नवरोजी हे जन्माने पारशी होते. म्हणजे या भागातील ख्रिस्ती उपदेशाची मराठी आरंभापासूनच अनेक घरांतून आलेली आहे.

‘दृष्टांतपाठा’ची रचना येथे विशेष उपयोगाची ठरते. ११४ दृष्टांतांच्या या ग्रंथात प्रथम सूत्र येते, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे. दृष्टांत सूत्राला कसा लागू पडतो हे सांगणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याची गोष्ट या ग्रंथाच्या द्वारा मराठीत फार लवकर आली. तीन घटकांमध्ये ठेवलेली ही रेघ हा केसोबासांचा मोठेपणा होय. कथा कोठे संपते आणि तिचा विनियोग कोठे सुरू होतो हे वाचकाला दिसते, त्यामुळे विनियोग पटला नाही तरी कथा हातची जात नाही. आजच्या उपदेशात ही रेघ पुसली गेली आहे. गोष्ट रंगात असतानाच ‘तर बंधुभगिनींनो’ असे म्हणून दार्ष्टांतिक तिच्यावर झडप घालते.

याच तेराव्या शतकात, जर्मनीतील हायस्टरबाखच्या मठातला सीझेरियस नावाचा साधू आपल्या मठाधिपतीची एक हकीकत लिहून ठेवतो. गेवार्ड नावाचा तो मठाधिपती प्रवचन करीत असता पुष्कळ मठवासी डुलक्या घेत होते, काही तर घोरत होते. तेव्हा त्याने एकाएकी आर्थर नावाच्या राजाची गोष्ट सुरू केल्याचा बहाणा केला. सारे खडबडून जागे झाले. मग त्याने गोष्ट पुढे न नेता त्यांना सुनावले की देवाविषयी बोललो तेव्हा झोपलात आणि हलके काही निघताच कान टवकारलेत. गंमत अशी की गोष्टींच्या मोहावर कोरडा ओढणारी ही हकीकत स्वतःच एक छोटी गोष्ट आहे आणि ती लिहिणाऱ्याने शेकडो गोष्टींचा संग्रह केला आहे. युरोपातील धर्मोपदेशकांसाठी त्या काळात असे संग्रह मोठ्या प्रमाणावर झाले. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात स्पर्जनसारख्या नामांकित वक्त्याने तसा संग्रह छापला. मिशनबरोबर ही पुस्तके मराठी मुलखात आली, आणि त्यांबरोबर दीपस्तंभ, हिमवादळ, बुडते जहाज आणि आगगाडी ही सामग्रीही आली. समुद्र न पाहिलेल्या गंगापूर-वैजापूरच्या माणसांनी जहाज बुडण्याच्या किती गोष्टी ऐकल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता बजाजनगर. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लहानमोठे उद्योग वाढले आणि कामगारांच्या वस्तीला कारखान्याचेच नाव मिळाले. कागदोपत्री वडगाव कोल्हाटीच्या ग्रामपंचायतीत मोडणारी ही वस्ती खेडे राहिली नाही आणि शहरही झाली नाही. गल्लीत विदर्भ, खानदेश, मराठवाडा शेजारीशेजारी भाड्याने राहतो. जवळच पंढरपूर नावाचेच गाव आहे. तेथील विठ्ठलमंदिराकडे आषाढीला दिंड्यांची रीघ लागते. त्यामुळे येथील ख्रिस्ती माणसाचा कान कीर्तनावर पोसलेला असतो. भिंतीपलीकडच्या सप्ताहातला दृष्टांत त्याला फुकट ऐकू येतो आणि आपल्या पाळकाचा दृष्टांत तो त्याच्याशी ताडून पाहतो.

अशा श्रोत्यासमोर एक जगप्रसिद्ध गोष्ट सांगितली जाते असे समजावे. रेल्वेच्या उचलत्या पुलावरचा कामगार. त्याचा लहान मुलगा पुलाच्या दातेरी चाकांत पडतो. तेवढ्यात भरलेली गाडी येते. मुलाला काढायला जावे तर गाडी नदीत कोसळणार. बाप कळ दाबतो, पूल खाली येतो, मुलगा चिरडला जातो आणि गाडीतले प्रवासी काही न कळता हात हलवत निघून जातात. देवाने आपला एकुलता एक पुत्र दिला, या वचनासाठी ही गोष्ट अनेक भाषांतून फिरली आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते, यात शंका नाही.

बजाजनगरात मात्र ही गोष्ट परीक्षकापेक्षा अधिक जाणणारा माणूस मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याने प्रेसवर काम केलेले असते. दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये अशी सोय यंत्रात असते, आणि उत्पादनाच्या घाईत ती सोय निकामी करून ठेवली की बोटे जातात, हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक असते. त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो देवाच्या प्रीतीविषयी नव्हे. चाकांना गार्ड का नव्हता? मूल कामाच्या जागी आत आलेच कसे? हा प्रश्न अश्रद्धेचा मानणे चूक होईल. अपघात म्हणजे कोणाची तरी हयगय, हे त्याच्या जगण्याचे ज्ञान आहे, आणि गोष्टीने त्या ज्ञानाचा अपमान केला आहे. शास्त्राच्या दृष्टीनेही त्याचे बोट नेमके वर्मावर पडले आहे. योहानाच्या शुभवर्तमानातला पुत्र आपला प्राण आपण होऊन देतो. पुलावरच्या मुलाला कोणी विचारलेलेच नाही.

याच जिल्ह्यात ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, टाळेबंदीत काम सुटल्यावर पायी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर गेले. त्यानंतर या परिसरातील व्यासपीठावरून आगगाडीची ती परदेशी गोष्ट सांगणे किती अवघड झाले असावे, हे सहज कळते. पण अधिक कठीण प्रश्न उलट बाजूचा आहे. करमाडची घटना स्वतःच दृष्टांत म्हणून वापरावी काय? ती जवळची आहे, खरी आहे, सर्वांना ठाऊक आहे; न्यायशास्त्राची अट ती पूर्ण करते. तरीही ती वापरू नये. तिला जोडले जाणारे कोणतेही दार्ष्टांतिक, मग ते आयुष्याच्या क्षणभंगुरतेचे असो की जागृत राहण्याचे, त्या सोळा जणांना दुसऱ्याच कशाची तरी खूण करून टाकते. त्यांच्यासाठी शोक करावा, प्रार्थना करावी, दोष कोणाचा ते विचारावे. आपल्या तिसऱ्या मुद्द्याच्या स्पष्टीकरणासाठी त्यांना रुळांवरून उचलून आणू नये.

गोष्ट दुरून आणली तर लागू पडत नाही, जवळची घेतली तर कोणाच्या तरी अंगावरून जाते. या कात्रीत सापडलेल्या उपदेशकाची खरी कसोटी मत्तयाच्या विसाव्या अध्यायात लागते. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, एक दिवसाचा रोज ठरवतो. पुन्हा नऊच्या सुमारास जातो, दुपारी जातो, तिसऱ्या प्रहरी जातो आणि दिवस मावळायला तासभर उरला असता आणखी काही जणांना घेऊन येतो. संध्याकाळी शेवटून सुरुवात करून सर्वांना सारखाच रोज देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. आरंभीच्या शतकांतील भाष्यकारांनी या तासांत जगाच्या इतिहासाची युगे पाहिली, मनुष्याच्या वयाच्या अवस्था पाहिल्या. बजाजनगरात हे तास तासच राहतात.

कारण तेथे एकाच सतरंजीवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार बसलेले असतात. कायम कामगाराचे वेतन संघटनेने वर्षानुवर्षे घासाघीस करून मिळवलेल्या करारावर उभे आहे. धन्याने आपल्या मर्जीने कोणाला किती द्यावे, ही कल्पना त्याला औदार्याची वाटत नाही; मर्जी हाच तर त्याचा जुना शत्रू. कुरकुरणाऱ्यांची बाजू त्याला न्यायाची वाटते आणि ती तशी वाटण्यात दुष्टपणा नाही. कंत्राटी कामगार तीच कथा उलट टोकाकडून ऐकतो. त्याला काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, ठेकेदाराच्या दारात उभे राहावे लागते. शेवटच्या तासाच्या मजुरांना धनी विचारतो की दिवसभर रिकामे का उभे राहिलात, आणि ते सांगतात की कोणी आम्हाला कामावर घेतलेच नाही. साऱ्या अध्यायात हे उत्तर त्याच्या ओळखीचे आहे. त्याच्या दृष्टीने कथा वेतनाची नाहीच. बोलावले जाण्याची आहे.

येथे नेहमीचा उपदेशक आईची गोष्ट सांगतो. आई शेतात राबणाऱ्या लेकालाही भाकरी वाढते आणि अंथरुणाला खिळलेल्या लेकालाही तितकीच वाढते. गोष्ट गोड आहे, आणि गोडीनेच तिने घात केला आहे. धनी आई झाला की रोजाचा प्रश्न विरघळतो, कुरकूर करणारा हावरट ठरतो, आणि दोन्ही प्रकारचे कामगार काहीही न हलता घरी जातात.

याऐवजी आठवडी बाजारातली एखादी साधी गोष्ट कल्पून पाहावी. खेड्यावरून येणाऱ्या म्हातारीची बस चुकते; ती दिवस कलता पोहोचते आणि बाजाराच्या कडेला मेथीच्या जुड्या मांडून बसते. पाळी सुटलेला एक कामगार भाव विचारतो. ती म्हणते, उठता बाजार आहे, निम्म्यात घ्या. तो सकाळचा भाव देतो आणि जुडी घेतो. शेजारी पहाटेपासून बसलेली दुसरी बाई हे पाहते. त्याच माणसाने सकाळी तिच्याकडून त्याच भावाने मेथी नेलेली असते. ती म्हणते, दादा, माझी तर ताजी होती.

इतकीच गोष्ट. तिला शेवट नाही, आणि तो लावण्याचा मोह आवरला तरच ती कामाची. तिने श्रोत्याला मजुराच्या जागेवरून उठवून धन्याच्या जागी नेले आहे, कारण बाजारात पैसे त्याच्या खिशातले असतात. म्हातारीला पुरा भाव देणे त्याला आवडते. दुसऱ्या बाईचे म्हणणेही त्याला खोडता येत नाही. कायम आणि कंत्राटी, दोघांनाही बाजार पाळकाइतकाच, किंबहुना अधिक ठाऊक असतो. मत्तयाची कथाही धन्याच्या प्रश्नावर थांबते. कुरकुरणाऱ्यांनी काय उत्तर दिले, ते रोज घेऊन निमूट गेले की दुसऱ्या दिवशी मळ्याकडे फिरकलेच नाहीत, याची नोंद शुभवर्तमानकाराने केलेली नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त हाच गुण आहे. प्रसंग सांगून झाला की त्या पुढच्या प्रसंगाकडे वळतात. ख्रिस्ती जीवनाचे इतके दृष्टांत असलेल्या त्या ग्रंथात दार्ष्टांतिकाची घाई जवळजवळ नाही.

तिसरा शब्द ‘साक्ष’. मंडळीत उभे राहून एखादा आपली दारू कशी सुटली ते स्वतः सांगतो, ती साक्ष. तीच हकीकत पुढच्या रविवारी पाळक ‘आपल्यातल्या एका भावाची गोष्ट’ म्हणून सांगतो, तेव्हा ती दृष्टांत होते. आणि दुसऱ्या वस्तीत जाऊन प्रार्थनेचा परिणाम म्हणून सांगतो, तेव्हा दाखला होते. शब्द तेच राहतात, मालक बदलतो. शंभर घरांच्या मंडळीत नाव न घेता सांगितलेली गोष्ट निनावी राहत नाही. बायकांच्या बाजूला बसलेली त्या भावाची पत्नी मान खाली घालते. शाळेत जाणाऱ्या मुलाला सोमवारी मित्र विचारतात. आणि दारू पुन्हा सुरू झाली तर? साक्ष देणारा माणूस अडखळू शकतो, त्याला तो अधिकार आहे. दाखला झालेल्या माणसाला अडखळण्याची सोय उरत नाही, कारण त्याच्या पडण्याने आता एक सिद्धान्तच खोटा पडतो. पाळकाच्या एका चांगल्या रविवारची ही किंमत दुसऱ्याच कोणाच्या घराने मोजायची असते.

या संदर्भात नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली कोकरीची गोष्ट वारंवार नमुना म्हणून पुढे केली जाते. श्रीमंत माणूस पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक कोकरी मारतो. राजा संतापून शिक्षा ठोठावतो, आणि मग त्याला कळते की गोष्टीतला श्रीमंत माणूस तो स्वतःच आहे. गोष्ट आधी ऐकून निवाडा करायला लावणारे हे तंत्र अजोड आहे यात वाद नाही. पण नमुना घेणारे एक गोष्ट विसरतात. नाथानाने ती राजाला सांगितली, समोरासमोर सांगितली, आणि ती सांगण्यात त्याचा स्वतःचा जीव धोक्यात होता. उरीयाच्या शेजाऱ्यांना जमवून त्यांच्या दुर्गुणांवर त्याने दृष्टांत दिला नाही. बजाजनगरच्या बाकांवर कारखान्याचा धनी बसत नाही. तेथे कामगाराच्या व्यसनाची, उधळेपणाची, आळसाची गोष्ट वरून खाली उतरते, आणि सांगणाऱ्याला तिची काही झळ लागत नाही.

द्राक्षमळ्याच्या कथेला वाचनक्रमात ठरलेली जागा आहे. कॅथलिक उपासनेच्या तीन वर्षांच्या चक्रात ती पहिल्या वर्षी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात येते. २०२० मध्ये ती २० सप्टेंबरला आली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे तेव्हा बंद होती. ती १६ नोव्हेंबरला उघडली. ज्यांनी त्या रविवारी कथा ऐकली त्यांनी ती भाड्याच्या खोलीत, मोबाइलच्या पडद्यावर ऐकली. बोलणाऱ्याला समोर एकही चेहरा दिसत नव्हता. कोणाचा कारखाना सुरू झाला होता, कोणाला अजून बोलावणे यायचे होते. अकराव्या तासाच्या मजुरांचे उत्तर तेव्हा गोष्टीवाचूनच समजण्यासारखे होते.